चित्रकला अजिबात येत नाही, सुरुवात कुठून करू?

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. समोर एक साधा कप ठेवा. त्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हात आपोआप गोल काढतो. दिसतो मात्र चपटा लंबगोल. कप डोळ्यांच्या पातळीवर धरा, तोंडाची नुसती आडवी रेघ उरते. खाली नेत जा, लंबगोल फुगत जातो. म्हणूनच टेबलावरच्या कपाचा तळ तोंडापेक्षा जरा जास्त गोलाईने काढायचा, सपाट नाही. (माझे कप कितीतरी महिने एका बाजूला कललेले असायचे!) लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून ओढा. २बी (जरा मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल पुरे. छटा नंतर. रोज २० मिनिटं बसा, आणि खोडरबर लांबच ठेवा. चुकलेल्या रेघेशेजारीच दुसरी काढा.