गाडी घेताना हेड-अप डिस्प्लेसाठी, म्हणजे स्पीडचा आकडा ड्रायव्हरच्या नजरेसमोरच दाखवणाऱ्या सोयीसाठी, वरचं मॉडेल घ्यावं का?

पुण्यातच फिरवणार असाल तर नको, सिंहगड रोडला वीसच्या स्पीडने रांगताना समोर आकडा बघून करणार काय! पण दर आठवड्याला एक्सप्रेसवेने मुंबई असेल तर मात्र कामाचं आहे, कारण शंभरच्या स्पीडला गाडी सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते आणि तेवढ्यात नजर खाली मीटरवर न्यावी लागत नाही. 2022 च्या बलेनोत वर येणारी छोटी पारदर्शक पट्टी आहे, महाग गाड्यांत थेट काचेवर दिसतं. फक्त टेस्ट ड्राइव्हला पोलराइज्ड गॉगल घालून बघा, बऱ्याचदा आकडे गायबच होतात. मी तर आधी एसीला बटणं आहेत का बघेन, टचस्क्रीनवर पंखा कमी करेपर्यंत समोर कोणीतरी ॲक्टिवावाला घुसलेला असतो.