पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नसेल तर 'वॉर रिक्वियम' पाहावा का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. संवाद नसलेला, नुसत्या कविता आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर चालणारा हा युद्धाचा सिनेमा त्या संगीताचा गंध नसलेल्याने पाहावा का? आणि पाहताना शेजारी कोणी समजावून सांगणारा असावा का? पहिल्याचं उत्तर : पाहा, बिनधास्त पाहा. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर मला नागपुरातली एक संध्याकाळ सांगावी लागेल.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. आम्ही आठ-दहा जण मिळून धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये महिन्याला एक सिनेमा दाखवायचो. दिग्दर्शक डेरेक जार्मनचा हा १९८९चा सिनेमा दाखवायचाच, हा हट्ट माझा. तो इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या याच नावाच्या रचनेवर उभा आहे. ब्रिटनने त्यात मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांबरोबर, पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेन या कवीच्या नऊ कवितांना चाली दिल्या आहेत. त्या नऊच्या नऊ मी तीन आठवडे बसून मराठीत केल्या, लॅटिन प्रार्थनांचा थोडक्यात अर्थ लिहिला आणि बर्डीवरून साठ प्रती झेरॉक्स करून आणल्या.

महिना मे. हॉलमध्ये दोन मोठे कूलर होते. पण सुरुवातीला कोरस जवळजवळ पुटपुटतो, कूलरच्या घरघरीत त्यातलं अक्षर ऐकू येईना. मी कूलर बंद करायला लावले. लोक माझ्याच पत्रकांनी वारा घेत बसले, पण उठून कोणी गेलं नाही.

मग अब्राहमची कविता आली. बायबलमध्ये देव त्याला मुलाचा बळी मागतो आणि ऐनवेळी थांबवतो. ओवेनच्या कवितेतही देवदूत थांबवतो, मुलाऐवजी तुझ्या गर्वाचा मेंढा काप म्हणतो. म्हातारा ऐकत नाही. मुलाला कापतो, आणि त्याच्याबरोबर युरोपची निम्मी पोरं. पत्रकात यावर मी एवढंच लिहिलं होतं : 'चिलया बाळ आठवा. फक्त इथे बाळ परत मिळत नाही.' ब्रिटनने या जागी जे केलंय ते ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. दोन पुरुष आवाज 'एकेक करून, एकेक करून' म्हणत राहतात, आणि लांबून लहान मुलांचे कोवळे आवाज देवाला बळी आणि प्रार्थना अर्पण करतात.

नेमक्या त्या मुलांच्या आवाजावर आमच्या सचिवांनी माईक सुरू केला. "मंडळी, ही बायबलमधली कथा आहे..." मी मागून हात केला, त्यांनी पाहिलं नाही. पुढे टिल्डा स्विंटनचा तो प्रसंग आला. कॅमेरा हलत नाही, कट नाही, ती बसून केसांची वेणी घालते. मधेच हसते, मधेच कोसळते, बोटं पुन्हा केसांत जातात. कित्येक मिनिटं हेच चालतं, आणि वर गायिका गलिना विश्नेव्हस्कायाचा आवाज चढत जातो. माईकवरून आलं : "ही नर्स आहे, ती दुःखी आहे." मी उठले आणि माईकची वायर काढली.

नंतर बाहेर, स्कूटरच्या स्टँडपाशी, मोठं भांडण झालं. "मॅडम, लोकं बसून होते, त्यांना काही समजून नाही राहिलं होतं. आपण लोकांसाठी दाखवतो का आपल्यासाठी?" मी म्हटलं, समजावायचं ते आधी पत्रकात दिलंय. ते म्हणाले, "तुम्ही कूलर बंद केले ते चाललं, मी दोन शब्द बोललो तर राग?" आणि मग, "तसंही हे त्यांचं युद्ध, आपल्याला काय त्याचं."

तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही. आता देते. जार्मनने वापरलेली ध्वनिमुद्रिका १९६३ची, खुद्द ब्रिटनने संचलित केलेली. डेक्का कंपनीने ती देताना अट घातली होती की संगीतावर दुसरा कुठलाही आवाज चढवायचा नाही. म्हणजे युद्धावरच्या सिनेमात दिग्दर्शकाला बंदुकीचा एक बार टाकायची मुभा नव्हती. सुरुवातीला चाकाच्या खुर्चीतला म्हातारा सैनिक, म्हणजे नट लॉरेन्स ऑलिव्हिए, एक कविता म्हणतो, तीही संगीत सुरू व्हायच्या आधी. जिथे जार्मन गप्प बसला तिथे आपण बोलायचं नसतं.

आणि 'त्यांचं युद्ध' म्हणाल, तर त्या पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक मेले. कामठीच्या छावणीशेजारी राहणाऱ्या माणसाने तरी असं बोलू नये. ओवेनने आघाडीवर जाताना आईचा शेवटचा निरोप घेतला तो गीतांजलीतल्या ओळींनी. ४ नोव्हेंबर १९१८ला तो पडला, युद्ध संपायला एक आठवडा होता. त्याच्या खिशातल्या वहीत त्या ओळी होत्या, खाली टागोरांचं नाव. १९२०मध्ये आईने टागोरांनाच पत्र लिहून विचारलं, ही अख्खी कविता कोणत्या पुस्तकात मिळेल?

त्या संध्याकाळी खुर्च्या आवरताना एक आजी थांबल्या होत्या. नऊवारी, हातात पत्रकाची घडी. मला म्हणाल्या, "मॅडम, मंग देव आलाच नाही का वो?" नाही म्हटलं. "पोराचं तोंड तरी पाहू दिलं का मायला?" यापुढे संगीत कळणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगावं.

तर, तुम्ही ओवेनच्या दोन कविता आधी वाचा : ही अब्राहमची, आणि मेलेला सैनिक पाताळात आपण मारलेल्या शत्रूला भेटतो ती. दुसरी शेवटी येते. त्यात शत्रूचे शब्द फिशर-डिस्काउ गातो, जो स्वतः दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजेत होता आणि युद्धकैदी झाला होता. एवढं ठाऊक असलं की पुरे. चांगले हेडफोन लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी कोणी समजावू लागलं तर सिनेमा थांबवा, त्याचं बोलून होऊ द्या, मग पुढे लावा.

एक सांगायचं राहिलं. नंतरच्या भागात खऱ्या युद्धांची चित्रफीत आहे, खरे जखमी आहेत. लहान मुलांसमोर लावू नका. घरात फौजेतून आलेलं कोणी असेल तर त्यांना आधी विचारा. मीही मुळात ख्याल ऐकत वाढले, पहिल्यांदा पाहताना अर्ध्या तासाने लक्ष उडालं होतं. तसं झालं तर सोडू नका, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावा.

सचिवांचं एक मात्र मान्य करते. त्या दिवशी हॉलमध्ये बसवत नव्हतं, आणि मेची तारीख मीच धरली होती. तुम्ही नागपुरात असाल तर डिसेंबरात पाहा, पंखाही लागत नाही.