तिनं मला दुसऱ्याच नावानं हाक मारली

लहानपणीची एखादी अशी आठवण सांगा, जिचा उलगडा कधी झाला नाही आणि जिच्यातून रहस्यकथा होऊ शकेल, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्याकडे एक आहे.

मी पाच वर्षांची होते. आई आणि मी रात्रीच्या रेल्वेनं चाललो होतो. मध्येच जाग आली तेव्हा मी एका अनोळखी बाईच्या मांडीवर होते. डब्यात एकच मिणमिणता निळा दिवा. ती बाई माझ्या कपाळावरचे केस मागे सारत होती आणि अगदी हळू हाक मारत होती. मनू, किंवा विनू. माझं नाव याच्या जवळपासचंही नाही. तरी मी घाबरले नाही, कारण समोरच्या बाकावर आई बसलेली होती. ती जागी होती आणि आमच्याकडे बघत होती. मी पुन्हा झोपले. सकाळी बाई नव्हती, आणि माझ्या अंगात एक स्वेटर होता, मी आधी कधीच न पाहिलेला.

पुढे बरीच वर्षं मी हे सगळं स्वप्न समजून बाजूला ठेवलं होतं. त्याला कारण झाँ पियाजे. मुलांची बुद्धी कशी वाढते याचा आयुष्यभर अभ्यास केलेला हा स्विस मानसशास्त्रज्ञ. आपण दोनेक वर्षांचे असताना पॅरिसमध्ये एका माणसानं आपल्याला बाबागाडीतून पळवायचा प्रयत्न केला, हे त्याला लख्ख आठवत असे. दाईनं झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, पोलीस धावत आला, सगळं. तो पंधराएक वर्षांचा असताना त्या दाईनं त्याच्या आईवडलांना पत्र लिहून कळवलं की ती हकीकत आपण रचली होती, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीचं त्यानं स्वतःच्या नकळत चित्र करून ठेवलं होतं. 1995 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या संशोधकांनी एका प्रयोगात 24 जणांना, तुम्ही लहानपणी बाजारसंकुलात हरवला होतात, अशी खोटी हकीकत नातेवाइकांच्या हवाल्यानं दिली. त्यातल्या सुमारे चौथाई लोकांना ते थोडंफार किंवा पुरतं ‘आठवलं’!

पण माझ्या बाबतीत गोष्ट उलटी आहे, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. पियाजेला घरच्यांनी प्रसंग सांगितला होता. मला कुणीच काही सांगितलं नाही. त्या प्रवासाबद्दल आमच्या घरात कधी एक शब्दही निघाला नाही.

आता मी त्या आठवणीतलं जे मागाहून चिकटलं असेल असं वाटतं, ते काढून टाकते. बाईच्या शालीचा रंग मी धरत नाही, तो दर वेळी वेगळा आठवतो. निळा दिवाही सोडून देते. उरतो तो स्वेटर, कारण त्याचा फोटो आहे. आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांच्या दारात मी तो घालून उभी आहे, बाह्या दुमडलेल्या. तिशी उलटल्यावर एकदा तो फोटो नीट बघितला. बटणं माझ्या उजव्या हाताला आहेत आणि काजं डाव्या. मुलांच्या कपड्यांना असतात तशी. आणि वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं आहे.

आईला मी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा, मी दहा-अकरा वर्षांची असताना, ती म्हणाली, “तुझाच होता, मीच विणला होता.” कॉलेजात असताना विचारलं तेव्हा म्हणाली, “कुणीतरी दिलेला असेल, आता कुठे आठवतंय.” माझी आई विसरणाऱ्यातली नाही, आणि खोटं बोलणाऱ्यातली तर नाहीच. या दोन उत्तरांचा मला त्या बाईपेक्षा जास्त त्रास झाला आहे.

फोटो नीट पाहिल्यावर मात्र मी बाईबद्दल विचारलंच नाही. फोटो पुढे केला आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “हे एकच बटण मोठं कसं गं?”

आईनं चष्मा लावला. “ते तिनं गाडीतच शिवलं होतं,” म्हणाली, आणि फोटो माझ्या हातात देऊन आत गेली. मी तिच्यामागे गेले नाही.

तुम्हाला यावर कथा लिहायची असेल तर खुशाल लिहा. एवढीच विनंती की ती पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडून सांगू नका. ती मुलगी झोपली होती. चालत्या गाडीत, कमी उजेडात एक बाई मुलाच्या स्वेटरला बटण शिवते आहे आणि समोर बसलेली दुसरी आपल्या मुलीला तो घालू देते आहे. त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील, ते लिहा. मला अजून जमलेलं नाही.