तो ताळ्यावर आला, असं वाटलं होतं

"पोलिसांना सांगितलं तर पोराचं आयुष्य बरबाद, नाही सांगितलं तर पोरगंच हातचं जाणार. करू काय?" समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे, अतिरेकी गटांच्या नादी लागलेल्या मुलांचे आईवडील बहुतेक याच प्रश्नाने सुरुवात करतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

या बाईंचा मुलगा 21 वर्षांचा. वर्षभर खोलीचं दार बंद, जुने मित्र तोडलेले, घरात रोज खटके. पण गेल्या दोन आठवड्यांत त्याने उसने पैसे फेडले, लॅपटॉप विकला, बहिणीची जुन्या भांडणाबद्दल माफी मागितली. "आता ताळ्यावर आलाय ना तो?" त्यांनी आशेने विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. निघायचं पक्कं केलेला माणूस असाच हिशेब मिटवतो. मग बाई हळूच म्हणाल्या, परवा पासपोर्ट शोधत होता.

"तुम्ही त्याला विचारांनी हरवा," अशी त्यांची अपेक्षा. मी त्या वादात पडत नाही. भरती करणाऱ्यांनी उत्तरं आधीच घोटून घेतलेली असतात.

"जाऊन डोळे उघडले की येईल परत," हेही त्या म्हणाल्या. इथे मात्र मी स्पष्ट बोलले. सप्टेंबर 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 2178 संमत केला, तेव्हापासून अतिरेकी गटात जाण्यासाठी परदेशी प्रवास आणि त्याचा प्रयत्नही गुन्हा ठरवणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. लढाईचं प्रशिक्षण घेऊन परतलेल्या माणसाची सरकारांना धास्ती असते. मार्च 2019 मध्ये सीरियातलं बागूझ पडलं आणि 'इस्लामिक स्टेट'च्या ताब्यातला तिथला शेवटचा तुकडा गेला. त्यानंतर कित्येक देशांनी आपल्याच नागरिकांना परत घ्यायला टाळाटाळ केली. बायकामुलं सीरियातल्या अल-होलसारख्या छावण्यांत अडकली. म्हणजे निघण्याआधी बोललं तरच हातात काही उरतं. जर्मनीत तर 2012 पासून अशा कुटुंबांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे.

मी हेही सांगितलं की जिवाचा प्रश्न आला की माझी गोपनीयता संपते. बाई खूप रडल्या. त्याच संध्याकाळी वकिलांना घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो.

चौथ्या दिवशी मुलगा माझ्यासमोर बसला. वीस मिनिटं गप्प.

"आईने काय काय सांगितलं?"

मी सगळं सांगितलं, पोलिसांचंही. तो दार आपटून निघून गेला. तासाभराने बहिणीचा फोन आला: घरी पोचलाय, जेवत नाहीये, पण घरीच आहे.