शेत कोणाचे, कागद कोणता?

प्रश्न : १९६७ च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून घेतलेल्या वेस्ट बँकमधली, जॉर्डन खोऱ्यातली मेहोला ही इस्रायली शेतवसाहत पन्नासहून अधिक वर्षे नांदते आहे. मग तिच्या कायदेशीर दर्जाचा वाद मिटत का नाही?

उत्तर : वहिवाट कितीही जुनी झाली तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. मेहोला १९६८ मध्ये ‘नहाल’चे ठाणे म्हणून सुरू झाली. नहाल म्हणजे लष्करी सेवेला शेतीची जोड देणारी तुकडी. पुढच्याच वर्षी तिथे नागरी मोशाव, म्हणजे सहकारी शेतगाव झाले. आधी ठाणे, मग कुटुंबे, हा क्रम योगायोगाचा नव्हता. युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम ४९ व्याप्त, म्हणजे युद्धात ताब्यात घेतलेल्या प्रदेशात आपले नागरिक वसवायला मनाई करते. इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच हे लेखी कळवले होते. वसवायचेच असेल तर लष्करी आणि तात्पुरते हवे, असेही.

लष्करी गरज सांगून जमीन घेण्याची ही वाट १९७९ मध्ये अडली. वेस्ट बँकमधल्याच एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात खुद्द वसाहतवाल्यांनीच शपथपत्रात सांगितले, आम्ही कायमचे राहायला आलोय. मग तात्पुरती लष्करी गरज कुठली? इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी जमिनीवरचा तो ताबा रद्द केला.

प्रश्न : त्यानंतर जमीन कशी मिळवली?

उत्तर : १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्याच्या आधारे. ‘मिरी’ प्रकारच्या, म्हणजे मालकी राज्याची पण वहिवाट कसणाऱ्याची अशा जमिनीवर दहा वर्षे कसल्याने हक्क मिळतो. सलग तीन वर्षे पडीक ठेवली तर तो जाऊ शकतो. हवाई छायाचित्रांत लागवड दिसली नाही की जमीन ‘सरकारी’ जाहीर करायची. हरकतीला मुदत ४५ दिवस, तीही लष्करी समितीपुढे, आणि पुराव्याचा बोजा हरकतदारावर. सातबाऱ्यासारखा ठाम उतारा बहुतेकांकडे नाही, कारण नोंदणीचे काम १९६८ मध्ये लष्करी आदेशानेच थांबवले गेले. खडकांच्या मधल्या तुकड्यांत शेती करणारा इथेच हरतो.

इस्रायल सरकारचे म्हणणे असे, की जॉर्डनचे सार्वभौमत्व फारसे कोणी मानलेच नव्हते, म्हणून प्रदेश ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ आणि २०२४ च्या सल्लामतांत हा युक्तिवाद स्वीकारला नाही.

प्रश्न : ‘आउटपोस्ट’ म्हणजे याच वसाहती का?

उत्तर : नाही. आउटपोस्ट सरकारी मंजुरीविना उभी राहते, म्हणून ती इस्रायली कायद्यानेही बेकायदा असते, निदान मागाहून मंजुरी मिळेपर्यंत. मेहोलाला सरकारची मंजुरी आहे.