लेखन शिकवणाऱ्या कोर्सचे पैसे नेमकं कोण भरतं?

कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉप चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कथा लिहिते, मराठीत जास्त, इंग्रजीतही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या एम.ए. क्रिएटिव्ह रायटिंगला तिला प्रवेश मिळालाय. एका कन्सल्टन्सीने सांगितलं की घर तारण ठेवलं तर ३० लाखांचं कर्ज सहज होईल. वडील लिहितात, "पोरीला लिहायचा नाद आहे, तो मला मोडायचा नाही. पण परदेशात असल्या शिक्षणाला विद्यापीठंच पैसे देतात असं तीच सांगते. मग आम्हालाच का भरायला लागतात? कर्ज काढू का?"

दादा, नमस्कार.

या कोर्ससाठी घर तारण ठेवू नका. पोरीचा नाद मात्र मोडू नका, आणि ती म्हणते तेही खोटं नाही. विद्यापीठं पैसे देतात, फक्त तिला प्रवेश मिळालाय त्या देशात, त्या कोर्सला सहसा देत नाहीत. हे असं का, ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचा अर्ज कुठे करायचा हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

अमेरिकेत या पदवीला एम.एफ.ए. म्हणतात. दोन-तीन वर्षांचा कोर्स. आयोवा विद्यापीठात तो १९३६ पासून चालतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी फी माफ असते आणि वर दरमहा पैसे मिळतात. हा दानधर्म नव्हे, ती मजुरी आहे. तिकडे पहिल्या वर्षाला आलेल्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा, निबंधलेखनाचा एक पेपर पास व्हावाच लागतो. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात या पेपरचे शेकडो वर्ग लागतात. ते सगळे प्राध्यापकांनी घेतले तर परवडायचं नाही. म्हणून एम.एफ.ए.ला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती वीसेक पोरांचा एक वर्ग देतात. त्याने शिकवायचं, निबंध तपासायचे, एकेकाला समोर बसवून चुका दाखवायच्या. त्या बदल्यात फी माफ, बहुतेक ठिकाणी आरोग्य विमा आणि साधारण वीस ते तीस-पस्तीस हजार डॉलर वर्षाला. गावाप्रमाणे हा आकडा पुरतो किंवा ओढाताण होते, पण कर्ज होत नाही. याला टीचिंग असिस्टंटशिप म्हणतात आणि परदेशी विद्यार्थ्यालाही ती मिळते.

दुसरा पैसा देणगीदारांचा. टेक्सास विद्यापीठातलं मिचनर सेंटर एका कादंबरीकाराने दिलेल्या निधीवर उभं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या लेखन विभागाला २०१३ मध्ये हेलन झेल यांनी ५ कोटी डॉलर दिले, आज तो विभाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या गावाला यात नवल वाटायला नको. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हा शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवणाचा भार कुणीतरी उचलल्याशिवाय शिक्षण होत नाही, हेच ओळखलं होतं.

पण अमेरिका म्हणजे सगळं फुकट, असंही धरून चालू नका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं नाव मोठं, पण तिथल्या लेखनाच्या कोर्सला बहुतेकांना स्वतःचे पैसे घालावे लागतात. घरी राहून, वर्षातून दोनदा जाऊन करायचे 'लो रेसिडेन्सी' कोर्सही जवळपास सगळे स्वखर्चाचे. आणि जिथे पैसे मिळतात तिथे जागा फार थोड्या. कॉर्नेल विद्यापीठात वर्षाला आठच जण घेतात.

आता इंग्लंड. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० पासून लेखनाचं एम.ए. आहे, तेव्हा दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. पण तिकडे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून आपलाच विषय शिकतो, सगळ्यांना सक्तीचा असा निबंधाचा पेपर नसतो. पेपर नाही म्हणून शिकवायचे वर्ग नाहीत, आणि वर्ग नाहीत म्हणून असिस्टंटशिप नाही. शिवाय तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फीवर सरकारची मर्यादा आहे, २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादा नाही. म्हणून विद्यापीठाचा खर्च भागवण्यात तुमच्या लेकीसारख्यांच्या फीचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाला तिचं काम हवं असतं, इंग्लंडमधल्या याला तिची फी हवी आहे. तिकडच्या मुलांना एम.ए.साठी सरकारी कर्ज मिळतं, आपल्या मुलांना नाही. पीएच.डी.ला सरकारी संशोधन निधी असतो, पण ती पुढची गोष्ट.

तुम्ही ऑफर लेटरचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. फी २२,००० पौंड, त्याखाली ठळक अक्षरात '४,००० पौंड स्कॉलरशिप', आणि पंधरा दिवसांत ४,००० पौंड डिपॉझिट. ही स्कॉलरशिप म्हणजे फीमधली सूट आहे, हातात एक पैसाही येणार नाही. उरले १८,००० पौंड. पौंड ११५ ते १२० रुपयांच्या घरात धरला तर एकवीस लाख. राहण्या-खाण्याला लंडनबाहेरही महिन्याला बाराशे पौंड धरा, वर्षाचे सोळा-सतरा लाख. व्हिसा, आरोग्याचा अधिभार, विमान वेगळं. म्हणजे ३० लाखांत हे भागतच नाही, आणि कन्सल्टन्सीने ते तुम्हाला सांगायला हवं होतं. तरी ३० लाखच धरू. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला साडेचाळीस हजारांच्या आसपास, शिकतानाचं व्याज वेगळंच. कोर्स संपल्यावर तिथे नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येते आहे. कथा-कादंबरीच्या पदवीवर एवढा हप्ता फेडणारी नोकरी लगेच लागेल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणि डोक्यावर हप्ता घेऊन बसलेली मुलगी लिहीत नाही, हे मी बघितलं आहे. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

मग करायचं काय? मी तिला दोन वर्षं मागेन. शिवाजी विद्यापीठात इंग्रजी किंवा मराठीत एम.ए. करू दे. फी तुमच्या आवाक्यातली आहे. शिवाय तीन वर्षांची पदवी अमेरिकेतली काही विद्यापीठं पुरेशी मानत नाहीत, एम.ए. झालं की ती अडचण सुटते. याच काळात नेटची, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठी लागणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी. त्याच परीक्षेतून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. आपल्याकडे साहित्य शिकणाऱ्याला मिळणारा सगळ्यात खात्रीचा पैसा हाच, आणि लेखनाचे बेत आखताना नेमका तोच विसरला जातो.

यासोबत लेखन. एम.एफ.ए.च्या अर्जात गुणपत्रिकेपेक्षा कथेची वीस-तीस पानं निर्णायक ठरतात. अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतात, प्रत्येकाला पाऊणशे-शंभर डॉलर लागतात, म्हणून निवडून सात-आठच करायचे. तुमची लेक दोन भाषांत लिहिते, हे तिचं मोठं बळ आहे. आयोवात साहित्याच्या अनुवादाचीही एम.एफ.ए. आहे. स्वतःच्या मराठी कथा ती इंग्रजीत आणू लागली तर तिची पानं गर्दीत वेगळी दिसतील.

इंग्लंडचंच मनात असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. त्यात फी, राहणं, विमान सगळं येतं. मात्र दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर भारतात परतून निदान दोन वर्षं राहावं लागतं. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराजांच्या नावानेच आहे. त्यांत उत्पन्नाची अट असते आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत लागतं, तेव्हा जाहिरात नीट वाचा.

मराठीतच राहून लिहायचं ठरवलं तरी वाटा आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे. नॅशनल बुक ट्रस्ट राबवत असलेल्या पीएम-युवा योजनेत तिशीच्या आतल्या निवडक लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये मिळाले आहेत, मराठीतल्या लेखनालाही. विषय मात्र ते देतात.

आता तातडीचं. ते डिपॉझिट भरू नका. मुलीला सांगा, विद्यापीठाला थेट स्वतः ईमेल कर, कन्सल्टन्सीतर्फे नको. त्यात दोनच गोष्टी विचारायच्या: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि या कोर्सला पूर्ण फी माफ असणारी एखादी जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे का. उत्तर आलं की ते आणि तिला स्वतःला आवडणारी एक कथा मला पाठवा. मग कोणत्या विद्यापीठांना अर्ज करायचे ती यादी आपण तिघं बसून करू.