सॉफ्टबॉल : तोंडी होकार देण्याआधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी अकरावीत आहे, सॉफ्टबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारी) आहे. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या) एका कॉलेजच्या कोचने फोनवर ४० टक्के स्कॉलरशिप देऊ केली आणि आठ दिवसांत उत्तर मागितलं. तोंडी हो म्हटलं तर आम्ही अडकतो का? उद्या त्यांनीच नाही म्हटलं तर? – एक पालक

उत्तर : कायद्याने कुणीच अडकत नाही, तुम्हीही नाही आणि कॉलेजही नाही. सुपारी फुटली, याद्या व्हायच्या आहेत, असं समजा. २०१८ पासून कोचला अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी बोलता येत नाही, हे फार चांगलं झालं. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींचे होकार घेतले जात. पण लेखी प्रस्ताव बारावीच्या १ ऑगस्टआधी देता येत नाही आणि स्कॉलरशिपच्या करारावर सह्या नोव्हेंबरात होतात. तोवर सगळं कोचच्या शब्दावर. कोच नोकरी सोडून गेले, तर नवा माणूस तो शब्द पाळायला बांधील नसतो.

४० टक्के कशाचे, हे आधी विचारा. समजा फी ३०,००० डॉलर आणि राहणं-जेवण-पुस्तकांसह खर्च ५०,००० आहे. मग मदत १२,००० की २०,०००? एका वर्षाची की चार वर्षांची? दुखापत झाली तर? २०२५ च्या हाउस समझोत्यात (कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देऊ देणारा न्यायालयीन समझोता) सामील झालेल्या कॉलेजांना संघात २५ खेळाडूंची मर्यादा आहे. म्हणून तिच्या वर्षाच्या किती पिचर घेणार आणि ट्रान्सफर होऊन किती येणार, हेही स्पष्ट विचारा. गुणपत्रक प्रवेश विभागाला आधी दाखवून घ्या. प्रवेश कोचच्या हातात नसतो.

आठ दिवस कमी आहेत. मुलीनेच फोन करावा, तुम्ही नव्हे : ‘मला यायला आवडेल, पण कॅम्पस आणि एक सराव बघून सांगते. तीन आठवडे मिळतील का?’ मुदत वाढली नाही, तर ज्या इतर कोचेसनी रस दाखवला आहे त्यांना त्याच दिवशी तारीख सांगून विचारा, प्रस्ताव देणार की नाही.

होकार दिलात, की ठरलेले आकडे ईमेलने कोचला कळवा आणि बाकीच्यांना फोन करून थांबवा. गुपचूप दुसरीकडे बोलणी चालू ठेवू नका. कोच एकमेकांना ओळखतात. खरंच मन बदललं, तर मुलीने स्वतः फोन करून सांगावं, मेसेज टाकून नव्हे.